वाटा कुणाचा किती

लोकांची थुंकी गोळा करत हिंडणाऱ्याला किस्से मागावे लागत नाहीत. नळी भरेपर्यंत माणूस बोलत राहतो. परदेशात शिकून मी मुरुडला परतले ते याच कामासाठी: थुंकीतल्या डीएनएच्या खुणांवरून, इथल्या माणसांत कुठल्या पूर्वजांचा किती वाटा, याचा अंदाज बांधायचा. तो हाती आला की शुद्ध रक्ताच्या गप्पा बंद पडतील, अशी माझी खात्री!

*

मासळीबाजारात चंद्रामावशींना म्हटलं, "तुमच्यात कुणाचा किती वाटा, ते कळेल."

त्यांनी समोरच्या मांदेलीच्या ढिगाकडे बोट दाखवलं. "वाटा हा. मिक्स पायजे?"

मी आफ्रिका, अरबस्तान, सगळं समजावलं.

"एवढं सगलं एका वाट्यात? मग घासाघीस करू नको."

*

कोळीवाड्यातले काशिनाथनाना थुंकायला तयार होईनात. "बाय, तू शिकलेली. तुझ्या तोंडासमोर कसा थुंकू?"

मी पाठ फिरवून उभी राहिले. नळी देताना ते हळूच बोलले. त्यांचे केस कुरळे, थोरला भाऊ दामूअण्णा लहानपणापासून चिडवायचा, "तुला किल्ल्यावरच्या हबशांकडून आणलाय."

"तसं निघालं तर भाऊ मला परका म्हनंल, बाय."

*

निवृत्त मास्तर सलीमचाचांचे पूर्वज थेट अरबस्तानातून आलेले, असं सगळं गाव ऐकून होतं. अहवालात बहुतेक वाटा इथलाच निघाला.

चाचा कागद उलटून पाहत म्हणाले, "मग जहाज रिकामंच आलं होतं?"

आतून चाची म्हणाल्या, "नवरे आले असतील हो. बायका इथल्याच होत्या ना."

*

नानांच्या अहवालात आफ्रिकेचा थोडा वाटा निघाला. मी अर्धा तास समजावलं: हे कित्येक पिढ्यांपूर्वीचं आहे, सख्खा-परका यातून ठरत नाही. नाना मान हलवत घरी गेले.

दोन दिवसांनी दामूअण्णा आले. नमुना द्यायला त्यांनी तीनदा नकार दिला होता.

"काशाच्या कागदावर काय लिवलंस?"

"ते मला सांगता येत नाही, अण्णा."

"त्यानंच सांगितलंय. दोन दिस होडीवर येत न्हाय. म्हनतो, तुमचे तुम्ही जा."

त्यांनी नळी मागून घेतली, खुणेपर्यंत भरली, झाकण घट्ट लावलं आणि माझ्या हातात दिली.

"यात काय पन निघूंदे. त्याच्यात हाय, तेवढंच माझ्यात लिव."