भास्करनं निवडलेली शेवटची बाटली

भास्कर गेल्याचा फोन आला तेव्हा मी घनसावंगीच्या कोर्टाबाहेर चहा पीत उभा होतो. फोन त्याच्या मुलाचा, नितीनचा. "काका, बाबा गेले," एवढंच तो बोलला. मी कप तसाच टपरीवर ठेवला, मिळाली त्या जीपमध्ये बसलो आणि जालना येईपर्यंत शेजारच्या माणसाची कापसाची गाऱ्हाणी ऐकत राहिलो. मला राग येत होता, पण त्या माणसाचा नाही, भास्करचा. कॉलेजपासूनच्या दोस्तानं असं न सांगता उठून जायचं म्हणजे काय... आदल्याच आठवड्यात माझ्या ऑफिसात बसून माझ्या काळ्या कोटाची यथेच्छ टिंगल करून गेला होता.

भास्कर एमआयडीसीतल्या एका बियाणे कंपनीत गुणवत्ता तपासायचा. मूठभर बी नाकाशी नेलं की ओल धरलीय का ते सांगायचा. एकदा कंपनीकडं आलेल्या परदेशी पाहुण्यानं त्याला सिंगल माल्ट व्हिस्कीची बाटली भेट दिली आणि या नाकाला नवा उद्योग मिळाला. स्वतः प्यायचा दोन घोट, हुंगायचा मात्र संध्याकाळभर. हळूहळू गावात गवगवा झाला. कुणाची साठी असो, कुणी रिटायर होवो, कुणाच्या व्याह्याला खूश करायचं असो, चांगली बाटली द्यायची म्हटली की लोक भास्करकडं यायचे. "महागातली सांगा, डबा भारी दिसला पाहिजे," असं कुणी म्हटलं की त्याचं डोकं फिरायचं. "डबा पिणार हाय का त्यो?" म्हणून तो फटकारायचा. मग ज्याला बाटली द्यायची त्यालाच कुठंतरी गाठायचा आणि इकडचं तिकडचं बोलता बोलता विचारायचा, "तुला कुठला वास आवडतो रे? खरं सांग. अत्तर-बित्तर सांगू नको." त्या उत्तरावरून बाटली ठरायची.

मला त्यानं असंच एकदा विचारलं होतं. मी उसाच्या भागातला, गुऱ्हाळात वाढलेला. उतू जायला आलेल्या काकवीचा वास, असं मी सांगितलं. माझ्या वाढदिवसाला त्यानं आणलेली व्हिस्की शेरी नावाच्या गोड वाइनच्या पिंपात मुरलेली होती. पहिल्या घोटाला मला आमची कढई आठवली आणि मी चक्क गप्प झालो. वकील गप्प झाला म्हणून भास्कर लहान पोरासारखा हसला. आमच्या तिसऱ्या दोस्ताला, रमेशला, चुरगाळलेल्या मोसंबीच्या पानाचा वास आवडतो, बागच आहे त्याची. त्याला तशी मिळाली. देताना भास्कर खाकी कागदात बाटली गुंडाळायचा, वर सुतळी, आणि नाव कधी लिहायचा नाही. स्वतःच्या हातानं द्यायची तर नाव कशाला, असं त्याचं म्हणणं.

तेरावं झाल्यावर वहिनींनी मला बोलावलं आणि खाकी कागदातली एक बाटली पुढ्यात ठेवली. त्याच्या कपाटात, स्वेटरच्या मागं सापडलेली. "भाऊजी, ही कुणाची हाय ती बघा आन् त्याला पोचती करा," त्या म्हणाल्या. "द्यायचं राहून गेलं तर त्यांचा जीव अडकून राहील." वहिनी उगाच बोलणाऱ्या बाई नाहीत. मी बाटली घेतली. वारस शोधणं हा माझा धंदाच, यात काय अवघड, असं मला वाटलं. आणि खरं सांगायचं तर मनातून मला वाटलं होतं की ती माझीच असणार.

पण माझी नव्हती. मला त्यानं पुन्हा काही विचारलंच नव्हतं. रमेशलाही नाही. कंपनीतल्या माणसांना विचारलं, त्याच्या व्याह्यांना फोन केला, ज्यांच्या घरी तो दोन मिनिटं टेकायचा त्या सगळ्यांना विचारलं... भास्करनं तुम्हाला वासाचं काही विचारलं होतं का? सगळे नाही म्हणाले. तोवर बाटली माझ्या ऑफिसात, कायद्याच्या पुस्तकांच्या कपाटावर होती. पक्षकार निघून गेले, दुपारची सामसूम झाली की मला वाटायचं, भास्कर समोरच्या खुर्चीत बसलाय आणि मान वाकडी करून माझ्याकडं बघतोय. एकदा तर मी मोठ्यानं म्हणालो, "अरे सांगून तरी टाक!" बाहेरून माझा कारकून धावत आला. त्याला काय सांगणार... पाणी मागितलं.

शेवटी रमेश म्हणाला, "उघडून पाहू. वासावरून माणूस कळंल." मी सुतळी सोडली. दुसऱ्याची वस्तू आपण उघडतोय हे मला कळत होतं. रमेशनं बूच काढलं, नाक जवळ नेलं आणि झटक्यात मागं घेतलं. "हे काय? दवाखाना हाय निव्वळ!" मीही हुंगलं. धूर होता, पण हुरड्याच्या आगटीचा नव्हे. कडवट, औषधी, घशात उतरणारा धूर. समुद्रातल्या कुठल्याशा बेटावर दलदलीतली कुजकी माती सुकवून जाळतात आणि त्या धुरावर जव वाळवून अशी व्हिस्की करतात, हे भास्करनंच कधीतरी सांगितलं होतं. पण असा वास कुणाला आवडेल? "चुकला आपला भास्कर," रमेश हळहळून म्हणाला. मला ते पटलं नाही.

हरलो, हे सांगायला मी परवा दुपारी वहिनींकडं गेलो. बाटली टेबलावर ठेवली. बूच एकदा काढलेलं, नीट बसलं नसावं. वहिनी चहा घेऊन आल्या आणि स्वयंपाकघराच्या दारातच थांबल्या. कपबशी वाजायला लागली. मी उठून ती त्यांच्या हातातून घेतली.

"भाऊजी, ह्यो वास कुठून येऊन राह्यलाय?"

मी बाटलीकडं बोट केलं. त्या जवळ आल्या, खुर्चीवर बसल्या आणि बाटली दोन्ही हातांत धरली. डोळे मिटून त्यांनी वास घेतला.

"ओव्याची धुरी हाय ही," मग त्या म्हणाल्या. "ओवा आन् बाळंतशेपा. माझ्या माहेरी, वाटूरला... नितीनच्या आधी आम्हाला एक पोरगी झाल्ती, भाऊजी. सव्वा महिन्याची होऊन गेली."

इतक्या वर्षांत भास्करच्या तोंडून मी हे कधी ऐकलं नव्हतं.

"हे बघायला आल्ते तिला. आमच्यात गडीमाणूस बाळंतिणीच्या खोलीत येत न्हाई. आई उंबऱ्याच्या आत येऊ देईना. मंग तिथंच बसून राह्यले दिवसभर. बाजंखाली शेगडी, धूर दाटलेला... त्या धुरातूनच पाह्यली त्यांनी. मांडीवर घेता आलं न्हाई. नंतर येतो म्हणाले, आन् नंतर..." त्यांनी पदरानं डोळे टिपले. "पुन्हा कधी तिचं नाव काढलं न्हाई. मी बी न्हाई. नितीनला तर ठाऊकच न्हाई. अन् या दिवाळीला मी मेथी निवडत बसल्ते, तर म्हणतात, तुला कुठला वास आवडतो? मी म्हणलं, उभा जन्म गेला अन् आता विचारता? मंग सांगितलं धुरीचं. नुसते हं म्हणले अन् उठून गेले. मला वाटलं, ऐकलंच न्हाई."

गावभर सगळ्यांना विचारत फिरलो मी, आणि या घरात विचारायचं मला सुचलं नाही. दारूची बाटली बाईमाणसासाठी असेल हे आम्हा शहाण्यांपैकी कुणाच्याही डोक्यात आलं नाही. भास्कर मात्र तो वास शोधत राहिला होता. किती बाटल्या हुंगल्या असतील त्यानं या एका वासासाठी, कोण जाणे. ही नुसती त्याची आठवण नव्हती, तो त्या खोलीत होता. आणि एकटा नव्हता.

वहिनींनी बूच काढून टेबलावर ठेवलं. वास खोलीभर पसरला. त्या लेकीबद्दल बोलत होत्या, तिचं जावळ, तिची मूठ, आणि त्यांचा आवाज खाली खाली येत गेला. मीही नकळत कुजबुजू लागलो. तेवढ्यात बाहेर मोटारसायकल थांबली आणि नितीन दारातूनच ओरडला, "काका, लागला का पत्ता, कुणाची बाटली ते?"

वहिनींनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू," त्या म्हणाल्या. "ताई निजलीय तुझी."