पाच कोटींचं शेवाळ

आता कुठल्या तोंडाने सांगू यार! पण चहा मागवलाच आहे, तर ऐका. माझ्या हुशारीने एक अख्खं घर रिकामं झालं.

पोलादपूरजवळ माझी मावशी राहते. काका जन्मभर मुंबईत नोकरीला. गणपतीला, होळीला यायचे, आणि शेवटी भिंतीवरच्या फोटोतच कायमचे परतले. म्हणून मावशीचा एकच हट्ट, मंगेशने, म्हणजे माझ्या मावसभावाने, मुंबईला जायचं नाही. तो महाडजवळ बिरवाडीत खोली घेऊन मिळेल ते टेम्पररी काम करायचा आणि दर रविवारी घरी जेवायला यायचा. आणि अचानक महाडच्या एमआयडीसीतल्या दोन केमिकल कंपन्यांनी त्याला परमनंटसाठी बोलावलं! एक मोठी, एक चिमुकली.

मावशीचा मला ठाण्याला फोन. "गो, तू सीएचं शिकतेस ना? कुठली टिकंल ते सांग."

मी तर उडालेच! सरकारी साइटवर फी भरून दोघींच्या बॅलन्स शीट काढल्या आणि लॅपटॉप घेऊन थेट पोलादपूर.

"बघ मावशी, वर्षभरात ज्याचा पैसा होईल ते एकीकडे, वर्षभरात जे द्यायचंय ते दुसरीकडे. वजाबाकी केली की खेळतं भांडवल! मोठीचे नऊ वजा पाच, चार कोटी. छोटीचे तीन वजा अडीच, फक्त पन्नास लाख! विषय संपला!"

मंगेश चाचरत म्हणाला, "ताई, पन मोठीच्या आवारात मालाचे ड्रम हायत ना, त्यांवर शेवाळ चढलंय. दोन पावसाळे बघतोय, हालले नाय. छोटीचा माल भरला की लगेच ट्रकात."

"अरे वेड्या, तो स्टॉक! पाच कोटींचा! मालमत्ता आहे ती!"

"शेवाळासकट?"

"शेवाळासकट!"

मावशी म्हणाली, "ती शिकलेली हाय रे. तिचं ऐक."

ऐकलं त्याने. तिथेच वाट लागली.

आठ महिन्यांत मोठीला कुलूप! तो माल कुणाला नकोच होता हो. नऊतले ते पाच काढा, उरले चार. देणी पाच. म्हणजे एक कोटीचा खड्डा! ही वजाबाकी मला तिसरीत येत होती, मग त्या दिवशी का नाही सुचली? छोटीकडे स्टॉकच जेमतेम, ती आजही धडधडतेय. मंगेश तिच्या गेटवर गेला, तर त्याची जागा केव्हाच भरलेली.

आता तो मुंबईत वॉचमन आहे. गणपतीला येतो.

मागच्या महिन्यात मावशीकडे गेले. मांडणीवर एकच ताट. मला रडूच फुटलं. "मावशी, चुकलं गं माझं. रागव तरी!"

"तुझ्यावर काय रागवू गो," ती भात वाढत म्हणाली. "त्या सीएच्या परीक्षेला कितीदा बसलीस?"

"चारदा."

"आनि पास?"

"पाचव्यांदा फॉर्म भरलाय."

"मग तू आमचा ड्रमच की गो. कागदावर लय किंमत. जागचा हालत मात्र नाय."

मी भात कालवत म्हटलं, "शेवाळासकट."