कुणाच्या हातचं खाल्लंस

"दादाने माझ्यावर कधी हात नाही उचलला. माझ्यापायी मात्र जाम लोकांवर उचलला," नयन एकदा हर्षितला हसत म्हणाला होता. क्लास सुटल्यावर दोघे नाल्याच्या कठड्यावर बसले होते.

"मग मला पण धुणार का?" हर्षितने विचारलं.

"तुला कशाला? तू काय केलंस?"

नयनला तेव्हा खरोखर तसंच वाटत होतं.

मानपाड्याच्या पलीकडे, कंपन्यांच्या भिंती संपतात तिथे त्यांची खोली होती. या भिंतींखालची जमीन एके काळी आपली होती, असं आयस, म्हणजे त्याची आई, सांगायची. नयनला ते खरं वाटायचं नाही. त्याने तिथे भात कधी पाहिलाच नव्हता, पाहिले ते ड्रम. आयस ठमाबाई भंगारवाल्याकडे रसायनांचे रिकामे ड्रम धुवायची. तिच्या बोटांची सालं निघायची आणि भाकरी थापताना ती परातीत पडू नयेत म्हणून ती बोटांना फडकं गुंडाळायची. बापूस गोपीनाथ बांधाच्या भांडणात एकाला कोयता मारून कल्याणच्या तुरुंगात गेला आणि तिथेच खोकून खोकून मेला. बांधालगतची जमीन नंतर चुलत्यांनी विकली.

तेव्हापासून घर थोरल्या सुदेशने चालवलं. नव्या इमारतींना रेती-खडी पुरवणाऱ्या एका टोळीत तो होता. दुसऱ्याकडून माल घेणाऱ्या सुपरवायझरला 'समजावणं' हे त्याचं काम. समजावून आला की तो मोरीत बराच वेळ हात धूत बसायचा. मग धाकट्यासाठी आणलेली जिलेबी पिशवीतून काढायचा.

नयन लहानपणापासून बायकांत रमायचा. गावातल्या हळदीला तो पुरुषांच्या घोळक्यात कधी नाचला नाही. एका हळदीत त्याने केसांत गजरा अडकवला होता. डीजेपाशी कुणीतरी ओरडलं, "अरे, हिला पन नवरा बघा रं!" सुदेशने जाऊन त्याचे पुढचे दात पाडले, परत आला आणि भावाचा गजरा सरळ केला. "नाच तू," तो म्हणाला.

घरात मासळी आली की गाबोळी, माशाची मऊ अंडी, नयनच्याच ताटात पडायची.

"आये, मना काय नाक्यावरून उचलून आनलाय का?" सुदेश विचारायचा.

"तू काटं चावू शकतंस. त्याचा घसा नाजूक हाय."

"त्याचा समदाच नाजूक हाय," सुदेश म्हणायचा आणि तिघेही हसायचे.

एवढी माया असलेल्या घरात लपवायचं कशाला, असं नयनला वाटलं असावं. बारावीची परीक्षा संपली आणि एका दुपारी त्याने सांगून टाकलं. "आये, मी पोरीशी लगीन नाय करनार. मना पोरगाच आवडतो."

ठमाबाईने ना आकांत केला, ना शिवी दिली. ताप बघतात तसा तिने त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. आपलं पोर वाईट नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणजे मग दुसरं कुणीतरी वाईट असलंच पाहिजे. तिच्या मायेला यापलीकडचा रस्ता माहीत नव्हता. संध्याकाळी ती सुदेशला म्हणाली, "याला कुनीतरी खायला घातलंय."

सुदेशने मान हलवली. त्यालाही हेच सोपं वाटलं.

ती नयनला गावातल्या पोपट भगताकडे घेऊन गेली. तो तांदूळ बघायचा. वाटीतल्या पाण्यात दाणे सोडायचा आणि ते कसे पडतात ते पाहून सांगायचा. नयन आयसच्या समाधानासाठी त्याच्यापुढे मांडी घालून बसला. धुपाने त्याचे डोळे झोंबत होते.

"पांढरं खाल्लंय यानं," पोपट म्हणाला. "कुनाच्या हातचं, ते याच्याच तोंडातून येऊ दे. तवाच उतरंल."

आयसने त्याची पाठ चोळली. "बोल रं बाला. कुनी रागवनार नाय."

काहीतरी बोललं की सुटका होईल, असं नयनला वाटलं. पांढरं काय खाल्लं होतं, हे तो खरंच आठवू लागला.

"दहीभात," तो म्हणाला. त्याला जरा हसूही आलं. "हर्षितच्या डब्यातला. क्लासला रोज अर्धा मला द्यायचा."

दारात उभ्या सुदेशने एवढंच विचारलं, "समोरच्या बिल्डिंगमधला? त्यो चष्मेवाला?"

नयनने मान डोलावली.

त्याच आठवड्यात हर्षित कंपनीच्या मागच्या भिंतीपाशी सापडला. गुडघा फुटला होता, डावा डोळा गेला होता. नयन धावत दवाखान्यात गेला. हर्षितला झोपेचं औषध दिलेलं होतं. बाहेर बाकावर त्याची आई बसली होती. साताऱ्याकडची, साधी बाई. तिने नयनला जवळ बसवून घेतलं.

"तोंडाला रुमाल बांधला होता म्हणे. मारताना एकच विचारत होता, काय घातलंस, काय घातलंस. माझ्या पोराने कुणाला काय घातलं असेल रे, नयन? तुला तरी काही कळतंय का?"

नयनला कळलं. त्याने तिच्या हातातून आपला हात काढून घेतला.

घरी सुदेश त्याची वाट बघत होता. त्याने भावाचा चेहरा दोन्ही हातांत धरला, उजेडाकडे वळवून पाहिला. "आता कसा वाटतंय? उतरला काय?" त्याच्या डोळ्यांत खरीच आशा होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौकीवरचा हवालदार तानाजी घरी आला. मारामारी झाली की तो आधी सुदेशलाच विचारायचा, त्यामुळे तो येणार हे ठाऊकच होतं. आयसने नयनला मोरीपाशी नेऊन समजावलं होतं. "दादा घरीच व्हता, येवढाच बोलायचा. बापूस तुरुंगातच गेला, ह्यो पन गेला तर मी कशाला जगू?"

हवालदाराने चहा बशीत ओतला. "भाऊ म्हणतो, त्या संध्याकाळी दोघं घरात मॅच बघत होतात. खरं का रे?"

ड्रम धुणारे आयसचे हात पदरात गुंडाळलेले होते.

"बोल ना नयन," सुदेश हळूच म्हणाला. तो दाराशी पाय पसरून बसला होता. "घाबरू नको. मी हाय ना."

हवालदाराने बशी खाली ठेवली. "अरे, हो किंवा नाही. एवढं काय त्यात?"

नयन उठला. त्याने आयसकडे पाहिलं, मग दादाकडे. सुदेशचे पाय वाटेत आडवे होते. त्याने ते मागे घेतले, भावाला जायला जागा करून दिली. नयन उंबरा ओलांडून बाहेर पडला.