ठकी कोणासाठी रडते

मांजर रात्री रडलं की त्या घरातलं माणूस जातं, असं शेजारची शांताबाई म्हणाली, तेव्हा कलाबाई साडीचे सुटे धागे कापत होती. कात्री चालूच राहिली. घरात माणसं दोनच, ती आणि तिचा नवरा उखा. ती धडधाकट. उखाला महिन्यापासून खोकला.

कलाबाई अमळनेरकडची. लग्न होऊन सुरतच्या उधन्याला आली त्याला बावीस वर्षं झाली. उखा तेव्हापासून लूमच्या खात्यात, यंत्रमागांच्या खडखडाटात बारा बारा तासांच्या पाळ्या. देवावर तिची भिस्त होती, पण गवगवा नव्हता. सप्तशृंगीच्या तसबिरीपुढे सांजेला दिवा लावायची, एवढंच. ठकी मांजरी घरात बारा वर्षांची झाली होती. प्लेगच्या साली सारी चाळ गावी पळाली, तेव्हा उंबऱ्यावर राखण करायला ही एकटीच राहिली. तिला अपशकुनी म्हणायला कलाबाईची जीभ रेटत नव्हती.

पण आठ दिवस झाले, उखा रातपाळीला गेला की मध्यरात्री ठकी घरभर फिरायची आणि भसाड्या आवाजात रडायची. लेकरू हरवलेल्या बाईसारखी. कलाबाई गोधडीत देवीचं नाव घेत पडून राहायची.

"तापीपलीकडे सोडून ये," शांताबाई म्हणाली. "पोतं मी देते. मारायला कोण सांगतंय? मांजर मारलं तर सोन्याचं करून काशीला द्यावं लागतं. तेवढं सोनं असतं तर आपण सुरतला कशाला आलो असतो?"

दुसऱ्या दिवशी कातरवेळी शांताबाई पोतं घेऊन आलीच. पाळीला अवकाश होता. उखा भिंतीकडे तोंड करून पडला होता, पण जागा. पायाशी ठकी.

"ठके, ये माय," कलाबाईने मागून हाक मारली. कान हलला नाही. ती पुढे झाली तशी कोपर लागून फळीवरची पितळी परात फरशीवर दणाणली. शांताबाई दचकून दारापर्यंत मागे सरली. ठकीची मिशीसुद्धा हलली नाही.

उखाही वळला नाही.

कलाबाई तिथेच खाली बसली. म्हातारपणाने ठकी बहिरी झाली होती. अंधारात कोणी दिसेना, कोणाची चाहूल येईना, म्हणून बिचारी हाका मारायची, आणि आपला आवाज केवढा चढलाय ते तिला कळत नव्हतं. उखाही असाच. हळू बोलतोय समजून चाळ उठवायचा. "उखाभाऊ, लूम बंद आहे," म्हणून लोक हसायचे. तीही हसली होती.

"पोतं ने, बाई. तिला ऐकूच येत नाही."

"मग अपशकुन नाही म्हणतेस?"

कलाबाई उखाच्या पाठीकडे बघत होती. खात्यात जायला उखा रोज अंधारात रेल्वेचे रूळ ओलांडायचा. पूल लांब पडतो म्हणून.

त्या रात्री तीही निघाली.

"तू कसाले येस?" तो ओरडला. तिने नुसती त्याची बाही धरली.

रुळांवर एका बाजूला मालगाडीचे डबे उभे होते. त्यांच्या आडून शिट्टी आली, लांब, मग जवळ. उखाने पाऊल उचललं. तिने जीव खाऊन मागे ओढलं. गाडी धडधडत समोरून गेली. वाऱ्याने तिचा पदर उडाला.

"शिट्टी दिली नाही यानं," उखा म्हणाला.

"दिली."

तो तिच्या ओठांकडे बघत राहिला.

"सकाळी मी इथंच उभी राहीन," ती हातवारे करत म्हणाली. "मी दिसल्याशिवाय पाय टाकायचा नाही."

त्याने मान हलवली. ऐकलं म्हणून की नेहमीच्या सवयीने, ते तिला कळलं नाही. तो रूळ ओलांडून पलीकडच्या अंधारात गेला.