विमानाच्या नोंदवहीतले कुंकू

शेवाळे साहेबांची आणि माझी ओळख झाली तीच मुळी भांडणाने. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. मी देवळ्याहून येऊन सातपूरच्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये नुकताच लागलो होतो आणि मधुकरराव शेवाळे तिथे तपासणी विभागाचे प्रमुख होते. त्यांनी माझे एक काम तीनदा परत पाठवले. तिसऱ्यांदा मी तणतणत त्यांच्या टेबलाशी गेलो. त्यांनी मला खुर्ची दिली, मायक्रोमीटर हातात ठेवला आणि म्हणाले, "निकम, मी सांगतो म्हणून मानू नका. तुम्हीच मोजा." मी मोजले. चूक माझीच होती. राग मात्र पुढचे आठ दिवस साहेबांवरच राहिला.

साहेब आता पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत. त्यांच्या कारखान्यातल्या कामगिरीबद्दल या गौरवग्रंथात जाणकारांनी लिहिलेच आहे. मी लिहिणार आहे ते त्यांनी घरी बांधलेल्या विमानाबद्दल. त्या कामात पहिल्या दिवसापासून त्यांच्या हाताखाली राहण्याचे भाग्य मला लाभले, आणि त्यातला सर्वांत मोठा घोळही मीच घातला.

परदेशातून आलेल्या लाकडी पेट्या इंदिरानगरात त्यांच्या बंगल्यासमोर उतरल्या, तेव्हा गल्लीला वाटले की साहेब पिठाची गिरणी टाकताहेत. विमान जेमतेम दोन माणसांचे, पण नळ्या, पत्रे, कापड, रिव्हेट असे सगळेच सुटे, जोडायचे आपण. येणारा जाणारा विचारी, "हे दारातून बाहेर कसं काढणार?" साहेबांनी पहिली पेटी उघडण्याआधीच दार आणि फाटक मोजून ठेवले होते. हॉलमधला सोफा गच्चीवर गेला आणि त्याच्या जागी पंख आला. तो सात वर्षे तिथेच होता.

सुमनवहिनींशिवाय हे विमान झाले नसते. त्यांचे माहेर येवल्याचे, घरात हातमाग. पंखाच्या सांगाड्यावर कापड चिकटवून ते गरम इस्त्रीने ताणून घ्यावे लागते. आमच्या हातून नुसत्या सुरकुत्या पडत. दोन दिवस वहिनींनी स्वयंपाकघरातून पाहिले, तिसऱ्या दिवशी पदर खोचून आल्या, कापडावरून तळहात फिरवला आणि म्हणाल्या, "तुम्ही दोघं एकाच बाजूनं ओढताय. सरका." तेव्हापासून कापडाचे खाते त्यांच्याकडे गेले. साहेबांनी काय करावे? इस्त्रीला थर्मामीटर लावला. वहिनी दिवसभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

साहेबांचा हा स्वभावच. दुसऱ्याने तपासलेली वस्तू ते स्वतः पुन्हा तपासणार म्हणजे तपासणारच, आणि मग एका जाड वहीत नोंद करणार. मला कित्येकदा वाटे, मग आपण पाहायचे तरी कशाला?

विमान पूर्ण झाले त्या वर्षी खंडेनवमीला हत्यारांबरोबर त्याचीही पूजा ठरली. मखमलाबादचे फूलशेतीवाले पिंगळे तात्या झेंडूची टोपली घेऊन आले. हळदकुंकू लावण्याचे काम माझ्याकडे होते. या विमानाच्या पंखाखालून पेन्सिलीएवढी एक नळी पुढे आलेली असते. उडताना तिच्या तोंडातून वारा आत शिरतो आणि त्यावर वैमानिकासमोरचा वेगाचा काटा हलतो. साहेबांनी ती नळी साफ करून वर कापडी टोपी बांधली होती. आता टोपीला कुंकू लावले तर ते नळीला कसे पोहोचणार? मी टोपी काढली, ओल्या कुंकवाचे बोट नळीच्या तोंडाला भक्तिभावाने टेकवले आणि टोपी होती तशी बांधून टाकली. साहेब तेव्हा नारळ सोलत होते.

दिवाळीनंतर तात्यांच्या टेम्पोतून, पंख गोधड्यांत गुंडाळून, आम्ही विमान शेजारच्या जिल्ह्यातल्या एका लहान धावपट्टीवर नेले. उड्डाणाची परवानगी त्या एकाच दिवसाची होती आणि ती मिळवण्यात साहेबांची दोन वर्षे गेली होती. पहिले उड्डाण साहेबांचे एक निवृत्त वैमानिक मित्र करणार होते. त्यांना आम्ही कॅप्टन म्हणत असू. साहेबांनी नळीची टोपी सोडली आणि कॅप्टननी आधी विमान जमिनीवरच वेगाने पळवले. आम्ही टाळ्या वाजवल्या. कॅप्टन परत आले आणि म्हणाले, "वेगाचा काटा जागचा हलत नाही."

अंदाजाने उडवतो, असेही ते म्हणाले. एवढ्या वर्षांचा अनुभव होता त्यांचा. तात्या तर पुढेच सरसावले. "उडवा की साहेब. माझ्या टेम्पोचा काटा घेतल्यापासून बंद हाय. काय अडलं का?"

"तात्या, टेम्पो बंद पडला तर रस्त्यावर उभा राहतो," साहेब म्हणाले. "आतली सगळी नळी उघडून पाहिल्याशिवाय उडायचं नाही." ते काम त्या दिवसात होणारे नव्हते, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होते.

त्यांनी नळीच्या तोंडात सुई घातली. लाल खपली निघाली. "टोपी कुणी काढली होती?" त्यांनी विचारले. पूजेला पंधरा माणसे होती. गप्प राहिलो असतो तर खपून गेले असते. या माणसाच्या सात वर्षांवर मी बोट ठेवले होते, आता यांच्या फाटकात पाऊल टाकायचे कोणत्या तोंडाने? "मी काढली," मी म्हणालो.

साहेबांनी वही पुढे केली. मी लिहिले, 'नळीत कुंकू गेले. टोपी मी काढली व सांगितले नाही.' खाली सही केली. मग साहेबांनी वही घेतली आणि माझ्या सहीखाली लिहिले, 'टोपी जागेवर दिसली म्हणून आतून पाहिले नाही. दोष तपासणाऱ्याचा.' आणि स्वतःची सही केली. परतीच्या वाटेवर वहिनींनी दिलेल्या डब्यातली अर्धी पोळीभाजी त्यांनी माझ्यापुढे सरकवली. तो विषय त्यांनी पुन्हा कधीही काढला नाही.

नवी परवानगी यायला पुढचा हिवाळा उजाडला. मधल्या खंडेनवमीला विमानाला कुंकू लावायलाच माझा हात होईना. साहेब म्हणाले, "पूजा करायची. कुंकू चाकाला लावा."

उड्डाणाच्या सकाळी ते मला म्हणाले, "निकम, नळी तुम्ही पाहा." मी तीनदा पाहिली. चौथ्यांदा पाहिली. कॅप्टननी चढता चढता विचारले, "शेवाळे, सगळं स्वतः पाहिलंत ना?"

"नळी निकमांनी पाहिली आहे," साहेब म्हणाले. "मी परत पाहिलेली नाही."

विमान धावपट्टी सोडून वर गेले तेव्हा वहिनी हात जोडून उभ्या होत्या आणि तात्या रुमाल उडवत होते, असे लोक सांगतात. मला काही दिसत नव्हते, डोळे भरले होते. कॅप्टन उतरले आणि आधी माझ्याकडे वळून म्हणाले, "काटा शेवटपर्यंत चालला." दुसऱ्या फेरीला साहेब त्यांच्या शेजारी बसले. त्या माणसाच्या हाताखाली आपण घडलो, याचा अभिमान मला तेव्हा वाटला तो आजही तेवढाच आहे.

साहेब, आपल्याला आणि वहिनींना उदंड आयुष्य आणि धडधाकट प्रकृती लाभो. पुढची वर्षे आम्ही मोजू. आपण परत मोजू नयेत, एवढीच विनंती.