पुलात अडलेलं पाणी आणि गावडे मुकादम

तो पूल मी वाचवला नाही.

आपल्या ग्रुपवर या कामासाठी माझं कौतुक होत आलं आहे, आणि ते मी निमूटपणे स्वीकारत आलो आहे. आज ते ज्याचं त्याला देतो.

काल संध्याकाळी शांताराम गावडे गेले.

रविवारच्या वॉकला सगळ्यांच्या मागून चालणारे, कमी बोलणारे काका म्हणून तुम्ही त्यांना ओळखत होता. आयुष्यभर ते दगडी बांधकाम करणाऱ्या टोळीचे मुकादम होते. हे तुमच्यापैकी फार थोड्यांना माहीत असेल, कारण कोणी विचारलं नाही. मीही नाही.

तो रविवार आठवून पाहा. ऑगस्ट महिना. रात्रभर कोसळून सकाळी उघडलेलं. बोरिवलीतल्या नदीवरच्या जुन्या दगडी पुलावर आपला ब्रिज वॉक होता. तीसेक माणसं.

मी अंधेरीच्या तंत्रनिकेतनात स्थापत्य शिकवतो. समोर पूल आणि श्रोते दोन्ही असले की मला आवरणं कठीण.

पुलाच्या तोंडाशी उभा राहून मी सांगत होतो. कमानीत प्रत्येक दगड शेजारच्या दगडाला दाबून धरतो. वरून भार आला की ती पकड अधिकच घट्ट होते. कमानीवर, दोन बाजूंच्या भिंतींच्या मध्ये, मुरमाचा भराव असतो आणि त्यावर रस्ता. भरावात मुरलेलं पावसाचं पाणी बाहेर पडावं म्हणून भिंतींत ठरावीक अंतरावर भोकं ठेवलेली असतात. केवढी दूरदृष्टी!

इथवर सगळं बरोबर होतं.

मग मी म्हणालो, “आणि बघा, एवढ्या पावसानंतरही एकसुद्धा भोक ओलं नाही. पूल ठणठणीत आहे.”

टाळ्या पडल्या. सगळे ग्रुप फोटोसाठी मधल्या कमानीवर जाऊन कठड्याला रेलले.

“सर, ठणठणीत म्हणजे नक्की ना?” प्रसाद ओरडला. “माझं वजन बघून बोला, यार!”

मी हसत होतो. तेवढ्यात कोणीतरी माझी बाही ओढली.

“सर, माणसां आधी खाली उतरवा.”

गावडे मुकादम. आवाज इतका हळू, की शेजारच्यालाही ऐकू जाऊ नये.

“का हो?”

“रात्रभर पाऊस पडलो. भोकां कोरडी. मग पाणी गेला खंय?”

वीस वर्षं हा विषय शिकवतो आहे. हा प्रश्न मला पडला नव्हता.

त्यांनी नुसत्या हनुवटीने दाखवलं. भोकं कोरडी, पण दगडांचे सांधे ओले. सांध्यांतून चुन्याचे पांढरे ओघळ. आणि जिथे सगळे रेलले होते, बरोबर त्याच्या खाली भिंतीला पोट आलेलं.

भोकं बुजली होती. पाणी आतच साठत होतं आणि भिंतीला बाहेर ढकलत होतं. मी ज्याला तब्येत म्हणालो, तो आजार होता.

मी सगळ्यांना खाली बोलावलं.

“अरे चल रे, सर बोलवतायत ना!”

“काय झालं सर? आत्ताच तर ठणठणीत होता!”

माझ्याआधी मुकादम बोलले, “सरांका शंका ईली.”

बस्स. एवढ्या तीन शब्दांत त्यांनी माझी चूक झाकली आणि स्वतःचं ज्ञान माझ्या नावावर केलं.

मग ते काठावर पडलेली एक सळई घेऊन उतरले, हाताला येणाऱ्या सगळ्यात खालच्या भोकात ती घातली आणि दाताच्या डॉक्टरसारखं सावकाश कोरत राहिले. आधी चिखल आला. मग मुळांचा गुंता. मग गढूळ पाण्याची धार सुटली, ती कितीतरी वेळ थांबेना. तुम्ही सगळे मोबाइल काढून उभे होतात.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. मी फोटोंसह पत्र लिहिलं, अधिकारी आले, पूल काही महिने बंद राहिला, भिंत दुरुस्त झाली. सोसायट्यांनी मिळून माझा सत्कार केला. मुकादम तिसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते.

दुसऱ्या दिवशी मी सत्काराची शाल घेऊन काजूपाड्यात त्यांच्या खोलीवर गेलो. म्हटलं, ही तुमची.

ते हसले. “माझ्या सांगण्यान सायब ईले असते? तुमच्या सहीन ईले. पूल उभो आसा, झाला तर मग.”

त्यात तथ्य होतं. आणि मला ते सोयीचंही होतं. म्हणून मी गप्प राहिलो.

त्यानंतर दर पावसाळ्यात आम्ही दोघं पुलाखाली जात असू. पूल आधी खालून पाहायचा आणि मगच वरून चालायचा, हा त्यांच्या टोळीचा रिवाज. ओला दगड कुठे ओला असावा आणि कुठे नसावा, हे मी त्यांच्याकडून शिकलो. ते आता माझ्या वर्गात शिकवतो. त्यांचं नाव न घेता शिकवत होतो. उद्यापासून घेऊन शिकवीन.

आज सकाळी गावडे काकूंना भेटलो. त्यांच्यासमोर बसून सगळं सांगितलं. तो पूल काकांनी वाचवला, मी नाही.



“माका ठावक आसा,” त्या म्हणाल्या. “त्याच दिवशी घराक येवन सांगल्यानी. लय खूश होते. म्हणाले, चाळीस वर्षां काम केलंय, पण इंजिनेरान माझा ऐकलां ता आज पयल्यांदा.”

मुकादम, तुमच्यासारखा शिक्षक मला कॉलेजात भेटला नाही.

मनापासून नमस्कार. सुखाने जा.