माझ्या कॅरिअरवरचा गोलकीपर

फुटबॉल मला कधीच खेळता आला नाही. शाळेत दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा चष्मा फुटला आणि वडिलांनी कान धरून तो विषय संपवला. पण माझ्याकडे सायकल होती, आणि सत्तरच्या दशकातल्या आमच्या मोहल्ल्याच्या क्लबात सायकलवाल्याचा मान खेळाडूच्या खालोखाल होता.

आमचे बहुतेक खेळाडू मिलमधले. मैदान नागपूरच्या पार दुसऱ्या टोकाला, रेल्वेच्या पुलापलीकडे. एवढं चालून गेल्यावर माणूस खेळणार काय? म्हणून रिवाज पडला होता : मॅचच्या दिवशी एकेका सायकलवाल्यानं एकेका खेळाडूला घरून डबल सीट न्यायचं, आणि हरो की जिंको, परत घरी सोडायचं. ज्याच्या कॅरिअरवर खेळाडू नाही तो नुसता बघ्या. आठवडाभर कचेरीत साहेबाची बोलणी खाणारा मी रविवारी मोहल्ल्यातून निघालो की पानठेल्यावरचे लोक हात दाखवायचे. कारण माझ्या मागे गोलकीपर बसलेला असायचा.

तो माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठा, अंगानं भरलेला, मिलमध्ये सूत कातायच्या साच्यावर कामाला. बूट लेसांनी गळ्यात अडकवून बसायचा. पुलाचा चढ आला की दर वेळी विचारायचा, "उतरू का गा?" मी ऐटीत "बसा भाऊ" म्हणायचो आणि अर्ध्या चढावर माझ्या छातीचा भाता व्हायचा. मग तो हसत उतरायचा आणि मागून सायकल ढकलायचा. अशी तीन वर्षं मी त्याला नेलं आणि आणलं.

एका वर्षी कामठीच्या संघाशी आमची फायनल होती. त्या दिवशी बसताना त्यानं माझा शर्ट डाव्या हातानं धरला. उजव्या हाताची दोन बोटं चिंधीत बांधलेली होती.

"साच्यात सापडली," तो म्हणाला. "आजारी म्हनून रजेवर आहो. खेळून राहिलो हे मिलमध्ये समजलं तर कामावरून काढतीन. अन् आपल्यापाशी दुसरा गोलकीपर नाई. कोनाले सांगू नोको गा."

मी गळ्याला हात लावून शपथ घेतली. मैदानात पोचल्यावर त्यानं चिंधीवर लोकरीचे हातमोजे चढवले आणि कुणालाच काही कळलं नाही.

आम्हा सायकलवाल्यांची जागा ठरलेली, गोलच्या मागे, कडुनिंबाखाली. फुटाणे खायचे, घसा बसेपर्यंत ओरडायचं. सेकंड हाफमध्ये आमचा गोल आमच्या पुढ्यात आला. एका गोलनं पुढे होतो, शेवटची काही मिनिटं उरली होती. तेवढ्यात एक अगदी मवाळ फटका आला. लहान पोरानंही धरला असता असा. गोलकीपरच्या हातात बॉल आला, उजव्या बोटांतून निसटला आणि घरंगळत आत गेला. पाठोपाठ दुसरा गोल झाला आणि आम्ही हरलो.

माझा राग असा आहे की आधी तोंड सुटतं, डोकं मागून येतं. मी उभा राहिलो आणि ओरडलो, "विकला गेला रे हा!"

त्याची पाठ आमच्याकडे होती. तो वळला नाही. पण माझा शब्द सगळ्यांनी उचलला. कडुनिंबाखाली तेच एक वाक्य दहा तोंडांतून निघालं. एरवी माझ्याकडे ढुंकून न बघणाऱ्या एका म्हाताऱ्या मेंबरानं खांद्यावर हात ठेवला, "बराबर बोलला गा तू." आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं. अंगावर मूठभर मांस चढलं. इतक्या वर्षांत मी त्यांच्यातला इतका कधीच झालो नव्हतो.

रिवाजाप्रमाणे मी त्याला घरी सोडलं. पुलाच्या चढावर तो न विचारताच उतरला आणि कॅरिअरवर हात ठेवून चालत राहिला. मी पुढे बघत पायडल मारत राहिलो.

पुढच्या हंगामात त्याला कुणी बोलावलं नाही. माझ्या कॅरिअरवर नवा गोलकीपर आला आणि मी त्याला निमूट नेलं. बोटाचं सांगितलं असतं तर त्याची नोकरी गेली असती, अशी मी स्वतःची समजूत घालत होतो. पण बोटाचं सांगायची गरजच नव्हती. "तो तसा माणूस नाही, मी रागात बोललो," एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. तेवढं म्हणायला मी भ्यालो, कारण कडुनिंबाखालची जागा मला सोडायची नव्हती. याची लाज मला आजही वाटते.

आठ-नऊ वर्षांनी तो मला त्याच रस्त्यावर दिसला. केस पिकलेले, हातात भाजीची पिशवी. तोवर माझ्याकडे जुनी स्कूटर आली होती. थांबलो, "बसा भाऊ" म्हटलं. तो बसला. पूल आला तसा मागून म्हणाला, "उतरू का गा?" आणि स्वतःच हसला.

त्याच्या गल्लीपाशी उतरल्यावर त्यानं माझा हात हातात घेतला. ती दोन बोटं वाकडीच राहिली होती.

"पाठीमागून कोन ओरडलं, मले कधी समजलं नाई," तो म्हणाला. "सारेच बोलले. पन तू बोटाचं कोनालेच नाई सांगतलं, म्हनून माही नोकरी राहिली. मी पोराइले सांगत असतो, त्या साऱ्या क्लबात एकच मानूस आपला होता."

तो ओरडणारा मीच, हे तेव्हा तरी सांगायला हवं होतं. मी "येतो भाऊ" म्हणालो आणि किक मारली. स्कूटर सुरू होईना. दुसरी मारली, तिसरी मारली. त्यानं पिशवी रस्त्याच्या कडेला ठेवली आणि मागून ढकलायला लागला.